शंभर मीटरच्या आत

विधानसभेला उभी राहिले तेव्हा मी निवडून येणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आधीच सांगून टाकते, कारण लोक अजून मला खुळी समजून विचारतात, "तुला वाटलं तरी काय होतं?" मला एवढंच वाटलं होतं, की आमच्या गल्लीच्या टोकाला जी सरकारी शाळा आहे, तिथल्या बूथवर तरी आपण पहिलं यावं. बाकीचा मतदारसंघ कुणाचाही होवो. जिथे लहानपणापासून मला लोक दारातून हाक मारतात, तिथे माझ्या नावापुढे सगळ्यांत जास्त मतं दिसावीत. हे मी बाहेर कुणाला बोलले नव्हते. फक्त अप्पांना बोलले होते.

अप्पा म्हणाले, "जास्त काही मागितलं नाहीस," आणि परत मशीनवर वाकले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, शिंपी. मैसुरातल्या देवराज मोहल्ल्यात, आमच्या गल्लीत दुकानाला दुकान लागून शिंपीच. दुकान म्हणजे तरी काय, कटिंगचं टेबल मावेल एवढी खोली, आणि मशीन पुढच्या कट्ट्यावर, उजेडात. घरात आम्ही मराठी बोलतो, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. आम्ही मत देत नाही, मत घालतो; कन्नडमध्ये तसं म्हणतात म्हणून. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली माणसं आमची मराठी ऐकून हसतात. हसू देत. त्यांची मतं आमच्या बूथवर नाहीत.

त्या गल्लीतून बीए झालेली मी पहिली. मी ते तेव्हाही मिरवत होते आणि आताही मिरवते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. एका खासगी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. मुलांना मतदाराचे हक्क पाठ करून घ्यायचे आणि संध्याकाळी गल्लीत येऊन बघायचे, की हूक लावायला, अस्तरं शिवायला, साड्यांना फॉल लावायला दिवसभर बसणाऱ्या बायका पाणी पीत नाहीत. पीत नाहीत, कारण जवळपास बायकांसाठी एक शौचालय नाही. त्यासाठी मी अर्जावर अर्ज केले. शेवटी आमदारांच्या ऑफिसात खुर्चीवर रेललेला एक कार्यकर्ता म्हणाला, "एवढा कायदा कळतो तर तुम्हीच उभ्या राहा की मॅडम." तो हसला, त्याच्या बाजूचेही हसले. त्यांच्या हसण्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण तो मला खरंच खूप सोपं काम सांगितल्यासारखा बोलला. मी घरी आले आणि उभी राहिले.

अपक्ष उमेदवाराला सूचक लागतात, त्या मतदारसंघातलेच. ते मला गल्लीतच मिळाले. पहिली सही केली समोरच्या दुकानातल्या काकांनी. काका सख्खे नव्हेत, पण गल्लीत सगळ्यांत वडील. एकादशीला विठोबाच्या देवळात भजनाला त्यांच्याशिवाय सुरुवात होत नाही, आणि गल्लीत कुणाची सोयरीक जमली तर आधी त्यांना सांगतात. नवरीचे ब्लाऊज शिवणं ही त्यांची खासियत. सही करताना म्हणाले, "आमच्या पोरीला विधानसौधात पाठवतोय. मंत्र्याचा कोट शिवायचा झाला तर माप घेऊन ये."

मग आलं चिन्ह. निवडणूक आयोगाच्या मोकळ्या चिन्हांतून पसंती लिहून द्यायची असते. मला टॉर्च हवी होती. काकांच्या कट्ट्यावर बसून मी तसं सांगितलं.

"टॉर्च कशाला गे?"

"टॉर्च म्हणजे उजेड, काका. शिक्षण."

"टॉर्चमध्ये सेल घालावे लागतात," काका म्हणाले. "शिलाई मशीन आहे का बघ."

"आहे. होलिगे यंत्र."

"मग ते सोडून तू सेल घालत बसणार? मशीन माग. आपल्या लोकांना काही समजावायलाच नको."

माझ्या मनात नव्हतं. मी शिकले तीच मशीनवर बसावं लागू नये म्हणून. अप्पांनी मला कधी पायाखालची पट्टी हलवू दिली नाही. "तू वाच," म्हणायचे. आणि आता माझ्या नावापुढे तेच चित्र. पण गल्लीतली सगळी माणसं सुई खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पहिल्या पसंतीला मशीन लिहिलं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं, लगेच मिळालं. काकूंनी केसरीभात केला आणि काका कट्ट्याकट्ट्यावर वाटत फिरले.

"पोस्टर लावायची गरजच काय!" ते प्रत्येकाला सांगत होते. "दुकानादुकानापुढे आपला प्रचार बसलाय. बोर्डावर मशीन, कट्ट्यावर मशीन. त्यांनी लावावेत बॅनर!"

पुढचे दिवस मी चालले. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मे महिना, शाळेला सुट्टी, भाड्याची एक रिक्षा आणि तिच्यावर कर्णा. माझ्याबरोबर माझी चुलत बहीण; ती काज-बटणाचं काम सोडून आली होती. आम्ही दारोदार जायचो. मैसुरात दारात आलेल्या बाईला कुणी हळद-कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाही. संध्याकाळी माझं कपाळ लाल-पिवळं होऊन जायचं आणि बहीण म्हणायची, "एवढ्यांनी मत घातलं तर तू मुख्यमंत्री." पहिल्या दोन-तीन संध्याकाळी आम्ही दोघी हसलो. नंतर ती म्हणायची थांबली.

ज्यांनी सगळ्यांत मनापासून शब्द दिला त्यांचं मतदान माझ्याकडे नव्हतंच. येलवालची मावशी भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "आमच्या घरची सगळी मतं तुला." तिचा मतदारसंघ वेगळा. हिनकलच्या मामेभावाने मित्रांना गोळा करून माझ्या गळ्यात हार घातला, त्यांचाही वेगळा. मी मावशीला समजावलं तर ती चिडली. "आम्ही घालतो म्हणतोय आणि तूच नको म्हणतेस?"

दुसऱ्या वस्त्यांत वेगळीच अडचण. मी पत्रक द्यायचे, शौचालयाचं बोलायचे, पाण्याचं बोलायचे. बाया शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "ते सगळं खरं हो अम्मा, पण मशीन कधी देता?"

"कुठलं मशीन?"

"हे काय छापलंय." पत्रकावरच्या चित्रावर बोट. "मागच्या वेळी त्यांनी कुकर दिले. तुम्ही मशीन देताय ना?"

मी सांगायचे, ते चिन्ह आहे, द्यायला नाही. त्या पत्रक परत माझ्या हातात द्यायच्या. रागाने नव्हे. आपल्याला ते लागणार नाही म्हणून, नीट घडी घालून.

प्रचार संपला त्या दिवशी माझे पाय टाचेपासून सुजले होते. आईने मीठ टाकून गरम पाणी दिलं. अप्पा मशीनवर होते. मे म्हणजे लग्नांचा मोसम. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मोठा मुहूर्त होता आणि गल्लीतलं प्रत्येक दुकान ब्लाऊजांनी भरलं होतं. मी म्हटलं, "अप्पा, परवा सगळे मत घालायला जातील ना?"

"जातील. बूथ काय लांब आहे? दोन हूक लावून उठायचं, मत घालून यायचं."

मतदानाच्या दिवशी सकाळी गल्ली बघून मला बरं वाटलं होतं. सुट्टी असूनही दुकानं उघडी. मशिनांचा आवाज शाळेपर्यंत येत होता. शाळेपासून शंभर मीटरवर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली. तिच्या आत कुठल्याही उमेदवाराचा प्रचार नको, चिन्ह दिसायला नको. नियम मला पाठ होता. मी शाळेत शिकवला होता.

पहिला तास बरा गेला. मग एका मोठ्या पक्षाच्या माणसाने बूथवरच्या अधिकाऱ्याला हाताने बोलावून रस्त्यावर आणलं आणि गल्लीकडे बोट केलं. अधिकारी सभ्य माणूस, कुठल्या तरी कॉलेजातला प्राध्यापक असावा. तो माझ्याकडे आला. "मॅडम, तुमचं चिन्ह उघड्यावर आहे."

मी म्हटलं, "कुठे? मी एक पोस्टर लावलेलं नाही."

 त्याने गल्लीकडे मान फिरवली, तशी मीही फिरवली. काकांचं मशीन. त्यांच्या बोर्डावर रंगवलेलं मशीन. त्याच्या समोर अप्पांचं. त्याच्या पुढे, त्याच्याही पुढे, चुन्याच्या रेघेपर्यंत, दोन्ही बाजूंना मशीन आणि मशीन.

"ही माणसं पोटासाठी शिवताहेत," मी म्हटलं.

"मला दिसतंय. पण तक्रार लेखी आली आहे. रेघेच्या आतली मशिनं आत घ्या, बोर्ड झाका."

पोलीस जुनी वर्तमानपत्रं आणि खळ घेऊन आले. बोर्ड झाकले गेले. पण मशीन आत घ्यायचं म्हणजे कटिंगच्या टेबलावर घ्यायचं, आणि मग माणसाने बसायचं कुठे? शटर ओढलं तर उजेड नाही, वारा नाही. काका कट्ट्यावर उभे राहिले, गळ्यात टेप तसाच. "हे मशीन माझ्या बापानं ठेवलंय इथं! तेव्हा हिचा जन्म नव्हता! मी काय हिचा प्रचार करतोय? मी ब्लाऊज शिवतोय!"

"मग चिन्ह दुसरं घ्यायचं होतं, अज्जा," पोलीस म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं. टॉर्चचं नाव दोघांनीही काढलं नाही.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्यासारखाच एक अपक्ष होता, कुणी कधी न बघितलेला, आणि त्याचं चिन्ह होतं छताचा पंखा. बूथमध्ये मतदारांच्या डोक्यावर दोन पंखे गरगर फिरत होते. मी बूथच्या दाराशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं अधिकाऱ्याला म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा. मशीन चिन्ह असेल तर पंखा पण चिन्ह आहे. तो तर बूथच्या आत आहे. बघा यादीत."

मला वाटलं तो हसेल, ओशाळेल, मशिनं राहू द्या म्हणेल. त्याने यादी बघितली. मग उठून भिंतीपर्यंत गेला आणि पंख्यांची बटणं बंद केली.

"आयतु मॅडम, झालं," तो म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा."

तोपर्यंत रांगेत फक्त कंटाळा होता. आता घाम आला. पत्र्याचं छप्पर, बाहेर मेचं ऊन. म्हाताऱ्या बाया मतदानाच्या चिठ्ठीने वारा घेऊ लागल्या. मागून येणारा प्रत्येक जण विचारायचा, पंखा का बंद? आणि पुढचा प्रत्येक जण सांगायचा, ती मशीनवाली बाई आहे ना, तिनं बंद करायला लावला.

"कोण मशीनवाली?"

"ही काय, दारातच उभी आहे."

मी दारातून बाजूला झाले. चुलत बहीण मला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "अक्का, तू आता घरी जा. तू जितकी इथे थांबशील तितकी मतं जातील."

"मी उमेदवार आहे. मी कुठे जाऊ?"

"सुम्ने, गपचूप रेघेच्या बाहेर जाऊन बस."

मी रेघेच्या बाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तिथून गल्ली दिसत होती. शटरं अर्धी खाली, आत माणसं हाताने शिवत होती. जेवढं हाताने होतं तेवढं. दुपारी एक बाई रिक्षातून उतरल्या. काकांचं गिऱ्हाईक, नवरीची आई. दुसऱ्या दिवशी मुहूर्त, आणि नवरीचे ब्लाऊज नुसते कापून पडलेले. काकांनी हात जोडले, रात्री जागून देतो म्हणाले. बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "नको. कापड द्या." काकांनी कापलेले तुकडे गोळा केले, कुठली बाही, कुठली पाठ हे कळावं म्हणून टाचण्या लावल्या, पिशवीत घातले आणि दिले. आमच्यात न शिवता कापड परत गेलं की त्याच्याएवढी नामुष्की दुसरी नाही. समोरच्या, शेजारच्या सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळ्यांनी मान खाली घालून हातातलं काम टाक्याटाक्याने पुढे नेलं. मला पायरीवरून उठावंसं वाटलं. उठून करणार काय होते?

चार-साडेचारला गल्ली मत घालायला गेली. एकदम गेली, शटरं खालीच होती, काम अडलेलंच होतं. अप्पाही गेले. काका सगळ्यांच्या मागून, टेप गळ्यातच. माझ्यासमोरून जाताना काकूंनी हात केला. मला तेव्हा वाटलं, बघ, बाकी काही असो, आपले लोक गेले. एवढी रांग आपल्याच गल्लीची. बूथ आपलं.

मोजणीच्या दिवशी मी माझ्या प्रतिनिधीबरोबर, म्हणजे त्याच चुलत बहिणीबरोबर, जाळीच्या अलीकडे उभी होते. आमच्या बूथची पेटी आली तेव्हा तिने माझं मनगट धरलं होतं. आकडे वाचले गेले तसं तिने ते हळूच सोडलं. मी तिसरी होते. दोन मोठ्या पक्षांच्या खाली, आणि बरीच खाली. पंखेवाल्याला सगळ्या मतदारसंघात कुठे काही नव्हतं, पण आमच्या बूथवर थोडी मतं होती. गर्मीने घातलेली असावीत.

एकूण मतदारसंघाचं मला वाईट वाटलं नाही. तिथे मी कोण? पण बस पकडून घरी येताना मी मनातल्या मनात दारं मोजत होते आणि ती मतांशी जुळत नव्हती. घरी आले तर अप्पा मशीनवर. मशीन पुन्हा कट्ट्यावर आलं होतं. बोर्डावरचा कागद निम्माच निघाला होता. मी सांगितलं, "तिसरी."

"जेवून घे," अप्पा म्हणाले. त्यांनी कुणाला मत घातलं हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. आमच्या घरात हा विषय तेवढ्यावरच आहे.

हरलेल्यानेही आभार मानायला फिरायचं असतं. दुसऱ्या दिवशी मी निघाले. आमची गल्ली टाळली असती तर लोकांना कळलंच असतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. पहिल्या दुकानात, "तुलाच घातलं की गे." दुसऱ्यात, "आमच्या घरातनं तर सगळी तुलाच." तिसऱ्यात मला स्टूल दिलं, कॉफी मागवली आणि पक्षवाले कसे फसवतात ते सांगितलं. कुणी खोटं बोलतंय असं त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं. कदाचित बोलतही नसतील. पण प्रत्येक "तुलाच" ऐकताना मला आकडा आठवायचा, आणि मी हसून "हो, माहीत आहे" म्हणायचे. कॉफीवर कॉफी पिऊन तोंड कडू झालं होतं.

काका कट्ट्यावर एका गळ्याला पट्टी लावत होते. मी समोर उभी राहिले. म्हटलं, "काका, आभार मानायला आले."

"कशाचे? मी नाही घातलं तुला."

शेजारच्या दुकानातलं मशीन थांबलं. काकू आतून म्हणाल्या, "अहो!"

"अहो काय? नाही घातलं तर नाही घातलं." काकांनी सुई कापडात टोचून ठेवली. "ती बाई कापड घेऊन गेली. माझ्या उभ्या आयुष्यात कापड परत गेलं नव्हतं. तसाच उठून गेलो. आत ते मशीनचं चित्र बघितलं, आणि असा राग आला, त्याच्या खालचं बटण दाबलं."

"खाली कोण होतं?"

"गोत्तिल्ल. कुणाला ठाऊक? चित्र कोण बघतंय तेव्हा."

मी त्यांच्या कट्ट्यावर बसले. स्टूल कुणी दिलं नव्हतं, मीच बसले. दिवसभरात पहिल्यांदा मला हसून उत्तर द्यावं लागलं नव्हतं. काकांनी परत सुई उचलली.  मग ते म्हणाले, "तुला वाईट वाटलं?"

"वाटलं."

"मलाही," ते म्हणाले. "पण घातलं नाही ते नाही."

आतून काकूंनी विचारलं, कॉफी आणू का. मी नको म्हटलं, पाणी मागितलं. काकू स्वतः पाणी पीत नाहीत दिवसा, हे मला माहीत होतं; शौचालय अजून नव्हतंच. नव्या आमदाराच्या ऑफिसात पहिल्यापासून अर्ज सुरू करावे लागणार होते, आणि तिथे कदाचित तोच कार्यकर्ता बसलेला असणार होता. मी पाणी प्यायले, तांब्या पालथा घातला आणि उठले. गल्लीची दुसरी बाजू अजून बाकी होती. तिकडचे लोक मला येताना बघून आधीच हसत उभे होते.